जीपीएस खिशात असताना दीपगृहं अजून का लुकलुकतात?

फोन उलटा करा आणि कॅमेऱ्याशेजारच्या फ्लॅशकडे जरा जवळून बघा. बऱ्याच फोनमध्ये त्या एवढ्याशा प्लॅस्टिकवर एकात एक अशा गोल रेघा दिसतील. कंपनीने शोभेसाठी काढलेली नक्षी वाटते, पण ते भिंग आहे. एलईडीचा उजेड चहूकडे सांडू नये, समोरच्या चेहऱ्यावरच पडावा म्हणून ते तिथे बसवलेलं असतं. त्याला फ्रेनेल भिंग म्हणतात. ते मुळात दीपगृहासाठी बनवलं गेलं आणि पहिल्यांदा वापरलं गेलं १८२३ साली, फ्रान्सच्या कोर्दुआन दीपगृहात.

मी राहतो शनिवार पेठेत. इथे पाणी म्हणजे मुठा नदी, आणि तीही खडकवासल्यातून पाणी सोडलं की मगच नदीसारखी दिसते. त्यामुळे दीपगृहांवर मी लिहावं हे जरा गमतीचंच आहे. पण अलिबाग-मुरूडला वर्षातून एकदा तरी जाऊन रात्री वाळूत बसणाऱ्यांत आपण पुणेकर काही कमी नसतो. समोर अंधारात दूरवर काहीतरी लुकलुकत असतं आणि ग्रुपमधला एक जण हमखास विचारतो, "आता सगळ्यांकडे जीपीएस आहे ना? मग हे कशाला चालू ठेवलंय?"

प्रश्न रास्त आहे. भारतात आजही दोनशेच्या आसपास दीपगृहं चालू आहेत आणि त्यावर सरकारचा एक अख्खा विभाग काम करतो. नुसत्या आठवणीसाठी एवढा खर्च कोणी करत नाही. तर ही गोष्ट नेमकी काम कशी करते, ती चालवणारी माणसं कशी राहायची आणि जीपीएस आल्यावर तिचं काय झालं, ते बघू.

चमक म्हणजे नाव

तुमचा वाय-फाय राउटर दर सेकंदाला साधारण दहा वेळा हवेत एक छोटा निरोप सोडत असतो: "माझं नाव अमुक, मी इथे आहे." तो निरोप कोणी ऐकतंय का, याच्याशी राउटरला देणंघेणं नसतं. इंजिनिअर लोक या निरोपाला 'बीकन' म्हणतात, आणि बीकन हा शब्द मुळात दिव्याचा, जाळाचा. दीपगृह अगदी हेच करतं, फक्त रेडिओऐवजी उजेडाने.

नुसता दिवा लावून भागत नाही. किनाऱ्यावर हॉटेलचा दिवा असतो, रस्त्याचा असतो, मच्छीमार होडीचा असतो. त्यातला दीपगृहाचा कोणता हे कळायला त्याला ओळख लागते. म्हणून प्रत्येक दीपगृहाची चमकण्याची लय वेगळी ठरवलेली असते. एखादं दर दहा सेकंदांनी एकदा चमकतं, शेजारचं दोनदा पटपट चमकून मग थांबतं, पुढचं तीनदा. ही लय सागरी नकाशावर त्या दीपगृहाच्या खुणेशेजारी छापलेली असते. जहाजावरचा माणूस हातात घड्याळ धरून सेकंद मोजतो, नकाशा बघतो आणि ओळखतो की समोर अमुक ठिकाण आहे. एकाच टप्प्यातल्या दोन दीपगृहांना सारखी लय देत नाहीत. आपण एकाच ऑफिसात दोन राउटरला एकच नाव दिल्यावर जो गोंधळ होतो, तो समुद्रात झाला तर जहाज खडकावर जाईल.

यात एक गंमत आहे. फिरत्या भिंगाच्या दीपगृहात दिवा लागत-विझत नसतोच! दिवा सतत पेटलेला असतो आणि त्याच्याभोवती भिंगांचा पिंजरा फिरत असतो. पिंजऱ्यात समजा चार भिंगं आहेत. उजेडाचे चार झोत तयार होतात आणि चाकाच्या आऱ्यांसारखे समुद्रावर फिरतात. एक झोत तुमच्या डोळ्यांवरून गेला की तुम्हाला 'चमक' दिसते. पिंजऱ्याला एक फेरी मारायला ४० सेकंद लागत असतील, तर तुम्हाला दर दहा सेकंदांनी एक चमक. दोन भिंगं जवळजवळ बसवली की 'दोन चमका आणि मग अंधार' अशी लय. काचेची मांडणी हाच कोड, आणि तो शंभर-दीडशे वर्षं बिनतक्रार चालू आहे. मी ऑफिसात लिहिलेला कोड पाच वर्षं टिकला तरी आम्ही पार्टी करू.

उजेड किती लांब जाणार?

पहिली अडचण पृथ्वीच्या गोलाईची. समुद्रसपाटीपासून तुमचे डोळे जितके मीटर उंच, त्याचं वर्गमूळ काढा आणि ३.५७ ने गुणा. तुमचं क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते कळेल. होडीत बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून दोन मीटरवर धरले, तर त्याचं क्षितिज फक्त पाच किलोमीटरवर. आता मुंबईत कुलाब्याच्या दक्षिण टोकाला खडकांवर उभं असलेलं प्रॉन्ग्स दीपगृह घ्या. थॉमस ऑर्मिस्टन या इंजिनिअरने ते उभारलं, १८७५ मध्ये. ओहोटीला तिथपर्यंत खडकांवरून चालत जाता येतं, भरतीला ते चहूबाजूंनी पाण्यात. मनोरा साधारण ४० मीटरचा, म्हणजे त्याचं क्षितिज साडेबावीस किलोमीटर. दोन्ही आकडे मिळवा. होडीतल्या माणसाला तो दिवा सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटरवरून दिसू शकतो, आणि हवेत उजेड किंचित वाकत असल्यामुळे त्याहून थोडा जास्तच. दीपगृहं उंच मनोऱ्यावर नाहीतर किल्ल्याच्या डोक्यावर का असतात, ते या एका गणितात आलं. रत्नागिरीच्या रत्नदुर्गावर, देवगडच्या किल्ल्यावर दीपगृहं दिसतात ती याच कारणाने. मोक्याची जागा किल्लेदाराने आधीच शोधून ठेवलेली होती.

दुसरी अडचण उजेडाची. दिवा सगळ्या दिशांना प्रकाश फेकतो आणि अंतर दुप्पट झालं की तो चौपट फिका होतो. वर आकाशात आणि मागे जमिनीकडे गेलेला उजेड तर वायाच. तो गोळा करून समुद्राकडे वळवायला भलं मोठं बहिर्वक्र भिंग हवं. पण तेवढं जाड भिंग म्हणजे काही टनांचा काचेचा गोळा, आणि त्या जाडीतच अर्धाअधिक उजेड मुरायचा.

ऑग्युस्तँ फ्रेनेलने विचार केला तो असा: प्रकाश वळतो तो भिंगाच्या पृष्ठभागावर. मधली काच नुसतं वजन आहे. मग पृष्ठभागाचा उतार तेवढा ठेवू आणि मधली काच काढून टाकू. त्याने भिंगाचे एकात एक असे गोल कंकणाकृती तुकडे केले, प्रत्येकाचा उतार मूळ भिंगासारखाच ठेवला आणि सगळे एका पातळीत बसवले. वर-खाली सुटणारा उजेड पकडायला लोलकांच्या पट्ट्या लावल्या. मोठ्या दीपगृहातलं असं भिंग आजही बघितलं तर काचेचं देऊळ वाटतं. आत माणूस आरामात उभा राहतो. दिवसा त्याला पडदे लावून ठेवतात, कारण सूर्याचा उजेड उलटा आत शिरून एकवटला तर आग लागू शकते. लहानपणी भिंगाने कागद जाळलेल्या कोणालाही हे पटेल.

आणि त्या भल्यामोठ्या पिंजऱ्याची छोटी आवृत्ती तुमच्या फोनच्या फ्लॅशवर आहे. व्हीआर हेडसेटच्या आतही हेच भिंग सापडेल.

वर राहणारी माणसं

वीज नव्हती तेव्हा हे सगळं चालायचं कसं? सुरुवातीला तेलाच्या वाती. मग रॉकेल दाबाखाली गरम करून त्याची वाफ जाळीवर पेटवायची. लग्नाच्या वरातीत डोक्यावर घेऊन चालायचे ती गॅसबत्ती आजी-आजोबांना विचारा, तिचंच हे मोठं भावंड. भिंगांचा पिंजरा फिरवायला घड्याळासारखं यंत्र होतं. एक जड वजन साखळीने मनोऱ्यातून हळूहळू खाली उतरायचं आणि त्या ओढीवर चक्रं फिरायची. वजन तळाला पोहोचलं की हाताने किल्ली फिरवून परत वर. रात्रभर, दर काही तासांनी. कित्येक ठिकाणी पिंजरा पाऱ्याच्या कुंडावर तरंगता ठेवलेला असायचा. त्यामुळे काही टनांचं भिंग एका बोटाने ढकललं तरी फिरायचं. त्या पाऱ्याची वाफ बंद खोलीत श्वासाबरोबर आत जायची, हे मात्र फार उशिरा कोणाच्या लक्षात आलं.

ही माणसं जिथे राहायची त्या जागा बघा. अलिबागजवळच्या थळ गावासमोर समुद्रात खांदेरी बेट आहे. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये तिथे किल्ला बांधायला घेतला तेव्हा मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली होती. खांदेरीवर मराठ्यांच्या तोफा म्हणजे मुंबई बंदराच्या तोंडाशी पहारा. इंग्रजांनी आरमार आणून काम बंद पाडायचा प्रयत्न केला, पण किल्ला झालाच. शेजारच्या उंदेरीवर सिद्दी येऊन बसला ती गोष्ट वेगळी. पुढे १८१८ नंतर सगळंच इंग्रजांकडे गेलं आणि त्याच खांदेरीवर १८६७ मध्ये त्यांनी अष्टकोनी दीपगृह बांधलं, मुंबईत येणाऱ्या जहाजांना वाट दाखवायला. ज्या बेटाची मुंबईला धास्ती होती, तेच मुंबईचा दिवा झालं. आता त्या दीपगृहाला कान्होजी आंग्रे यांचं नाव आहे, आणि २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत खांदेरीही आहे. बेटावर वेताळाचं देऊळ आहे, कोळी बांधवांची त्याच्यावर मोठी श्रद्धा. आणि एक खडक असा आहे की त्यावर दगडाने ठोकलं तर भांड्यासारखा खणखणतो. जाल तेव्हा जरूर वाजवून बघा, पण हळू.

खांदेरी निदान किनाऱ्यावरून दिसते. खरा एकांत सिंधुदुर्गात, निवती-वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर. भर समुद्रात काळ्या खडकांचा पुंजका, इंग्रजी नकाशांवर त्याचं नाव वेंगुर्ला रॉक्स किंवा बर्न्ट आयलंड्स. एका खडकावर दीपगृह. पाणी, धान्य, तेल, औषध, चिठ्ठी, सगळं होडीने यायचं, आणि होडी लावायला धड धक्का नाही. पावसाळ्यात समुद्र खवळला की बेटाचा आणि किनाऱ्याचा संबंध तुटलाच म्हणायचा. गंमत म्हणजे त्या खडकांच्या काळोख्या गुहांत राहणारे पक्षीही दिशादर्शनातले उस्ताद आहेत. या पाकोळ्या अंधारात टकटक आवाज काढतात आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून भिंत कुठे, घरटं कुठे ते ओळखतात. त्यांची लाळेची घरटी चिनी सूपसाठी चोरली जात होती. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००१ मध्ये ते उघडकीला आणलं आणि मग तिथे संरक्षणाचं काम सुरू झालं. निर्जन बेटावर कोण येतं-जातं हे कोणीतरी बघत असणं किती महत्त्वाचं, ते इथे कळतं.

याच धर्तीची, पण जगभर गाजलेली गोष्ट स्कॉटलंडची आहे. वायव्येला हेब्रिडीज नावाची बेटांची माळ आहे. इंग्रजीपेक्षा जुनी गेलिक भाषा तिथे अजून बोलली जाते. या बेटांच्याही पलीकडे, अटलांटिकमध्ये, फ्लॅनन नावाचे खडक. डिसेंबर १८९९ मध्ये तिथे दीपगृह सुरू झालं आणि वर्षभरातच तिथले तिन्ही रखवालदार नाहीसे झाले. १५ डिसेंबर १९०० च्या रात्री जवळून गेलेल्या एका जहाजाला दिवा बंद दिसला. मदतीचं जहाज बेटावर पोहोचलं २६ डिसेंबरला. दिवा पुसून-भरून तयार होता, माणसं नव्हती. चौकशीचा निष्कर्ष असा की मोठ्या लाटेने तिघांना ओढून नेलं असावं. अर्धवट जेवलेलं ताट, उलटी पडलेली खुर्ची वगैरे जे यूट्यूबवर सांगतात, त्यातलं जेवण पुढे एका कवितेतून आलेलं आहे. चौकशीच्या अहवालात तसं काही नाही.

मला यात भुतापेक्षा ते अकरा दिवस जास्त अस्वस्थ करतात. सिस्टिम बंद पडली, एकाने ती बंद पडलेली पाहिलीही, पण खबर आणि मदत पोहोचेपर्यंत अकरा दिवस गेले. आमच्या धंद्यात सर्व्हर पाच मिनिटं गप्प बसला तर रात्री दोनला फोन वाजतो. फ्लॅननचं दीपगृह १९७१ मध्ये स्वयंचलित झालं, आणि स्कॉटलंडमधला शेवटचा रखवालदार १९९८ मध्ये खाली उतरला.

भाषेचा विषय निघालाच आहे तर रायगड जिल्ह्यातल्या कोर्लईचं नाव घ्यायलाच हवं. रेवदंड्याच्या खाडीपलीकडचं हे गाव. किल्ल्याच्या डोंगराखाली दीपगृह आहे आणि गावात अशी एक भाषा बोलतात, जी जगात दुसरीकडे कुठेच नाही. पोर्तुगीज गेले १७४० मध्ये. पण त्यांच्या भाषेचं मराठीत मुरलेलं रूप तिथल्या ख्रिस्ती वस्तीत आजही घरात चालतं, बोलणारे हजाराच्या आसपास. हेब्रिडीजमध्ये काय, कोर्लईत काय, समुद्राकाठी अशा भाषा टिकून राहतात. आणि दीपगृहाचं काम असं की त्याला यातली एकही भाषा यावी लागत नाही. कोर्लईचा तांडेल, केरळचा खलाशी आणि फिलिपिन्सचा कॅप्टन, तिघांनाही त्या चमका सारख्याच कळतात.

मग जीपीएस आलं

आता वीज आहे, सोलर पॅनल आहेत, एलईडी आहेत. संध्याकाळ झाली की सेन्सर दिवा लावतो, बल्ब गेला तर दुसरा आपोआप पुढे येतो आणि बिघाडाची खबर लांबच्या कंट्रोल रूममध्ये जाते. रात्रभर जागून किल्ली फिरवणाऱ्या माणसाची गरज संपली. आपल्याकडे दीपगृहांवर अजून कर्मचारी असतात, पण त्यांचं काम आता देखभालीचं जास्त. कायद्याचं नावही बदललं. १९२७ चा लाइटहाऊस कायदा होता, त्याच्या जागी २०२१ मध्ये सागरी दिशादर्शन साधनांचा नवा कायदा आला. म्हणजे सरकारी कागदावरही दीपगृह हे आता अनेक साधनांपैकी एक आहे.

त्यातलं एक साधन तुम्ही फोनवर बघू शकता. मरीनट्रॅफिकसारखं अ‍ॅप उघडा, मुंबईसमोर जहाजांचे रंगीत बाण दिसतील. ही माहिती येते एआयएसमधून. प्रत्येक मोठं जहाज व्हीएचएफ रेडिओवर आपला क्रमांक, जागा, वेग आणि दिशा सतत सांगत असतं. व्हीएचएफ लहरी साधारण सरळ रेषेत जातात, म्हणजे परत तेच क्षितिजाचं गणित! अँटेना जितका उंच, तितकं लांबचं ऐकू येणार. मग २६/११ नंतर किनाऱ्यावर असे कान बसवायचे ठरले तेव्हा ते कुठे बसवले असतील? २०१२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय जाळ्यात ७४ दीपगृहांवर. ज्या मनोऱ्याने दीडशे वर्षं नुसतं सांगितलं, तो आता ऐकतोही.

पण या साखळीत एक खोट आहे. जहाज एआयएसवर आपली जागा सांगतं ती जीपीएसवरून काढून. जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटरवर, त्यांचा सिग्नल आपल्यापर्यंत येईतो इतका क्षीण होतो की जमिनीवरचं छोटंसं यंत्र तो दाबू शकतं, किंवा त्याच्यासारखा खोटा सिग्नल सोडू शकतं. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात रशियाच्या किनाऱ्याजवळ वीसेक जहाजांचं जीपीएस अचानक सांगू लागलं की आपण कित्येक किलोमीटर आत, जमिनीवरच्या विमानतळावर उभे आहोत. कॅप्टन खिडकीतून समुद्र बघतोय आणि स्क्रीन म्हणतेय विमानतळ. युद्ध चालू असलेल्या भागांत आता हे नेहमीचं झालं आहे. जीपीएस फसलं की नकाशा फसतो, एआयएस फसतं, ऑटोपायलट फसतो, सगळं एकाच वेळी. आमच्या भाषेत याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात.

दीपगृह या साखळीत नाही, आणि माझ्या मते त्याची आजची खरी किंमत हीच आहे. त्याला उपग्रह लागत नाही, इंटरनेट लागत नाही आणि समोरच्याकडे डोळ्यांशिवाय काहीही असावं लागत नाही. खोटी चमक पाठवायची तर त्याच जागी दुसरा मनोरा बांधावा लागेल. खिडकीबाहेर दिसणारी ती चमक स्क्रीनवरच्या जागेशी जुळत नसेल, तर काहीतरी गडबड आहे हे कॅप्टनला लगेच कळतं.

आणि मोठ्या जहाजांपेक्षा लहान होड्यांना ते जास्त उपयोगी आहे. आपल्याकडे २० मीटरपेक्षा लांब मच्छीमार बोटींना एआयएस लागतं. निवतीची छोटी होडी त्यात बसत नाही. तांडेलाकडे स्मार्टफोन असतो, पण किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरच्या पुढे नेटवर्क जातं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, ट्रेकलाही उपयोगी पडेल. नेटवर्क गेलं तरी फोनचं जीपीएस चालू असतं, कारण जीपीएस फक्त ऐकतं, कुठे काही पाठवत नाही. बंद पडतो तो नकाशा, कारण तो नेटवरून येत असतो. नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून ठेवा, निळा ठिपका रानात आणि समुद्रातही दिसेल. मात्र फोनची बॅटरी संपली, किंवा खारं पाणी आत गेलं, तर तांडेलाकडे उरतात त्या डोंगराच्या, देवळाच्या खुणा. रात्री तर फक्त तो दिवा.

दीपगृहाला सगळं येतं असं मात्र नाही. मुसळधार पावसात आणि धुक्यात दिवा दिसतच नाही. त्यासाठी काही दीपगृहांवर रेकॉन नावाचं यंत्र असतं. जहाजाच्या रडारची लहर आली की ते उलट उत्तर देतं आणि रडारच्या पडद्यावर मोर्स कोडमधलं एक अक्षर उमटतं. पण हे रडार असलेल्यांसाठी. आणि दीपगृह तुम्ही कुठे आहात ते सांगतं, समुद्र पुढे काय करणार आहे ते नाही. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट दिवसाउजेडी वादळात उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. कोणतंही दीपगृह ते टाळू शकलं नसतं. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ कोकणावर आलं तेव्हाही कित्येक होड्या बाहेर होत्या आणि त्यांच्यापर्यंत इशारा पोहोचवायची सोय नव्हती. ही उणीव भरून काढायला २०१९ मध्ये जेमिनी नावाचं एक छोटं यंत्र आणलं गेलं. उपग्रहावरून वादळाचा इशारा घ्यायचा आणि ब्लूटूथने तांडेलाच्या फोनवर दाखवायचा. मोबाइल नेटवर्क नसलं तरी चालतं. दीपगृहासारखंच ते एकतर्फी आहे. इशारा मिळतो, पण तांडेलाला उलट "वाचवा" म्हणता येत नाही. माणूस राहायचा तेव्हा तो निदान वरून बघून म्हणू शकायचा की अमुक होडी संध्याकाळी परतली नाही. सेन्सर बल्ब गेल्याची खबर देतो, होडी न आल्याची नाही. स्वयंचलित करताना नेमकं हेच काम कोणाच्या यादीत नसतं.

गच्चीवर करून बघा

दोन दीपगृहं दिसली की जहाज आपली जागा कशी काढतं, हे शनिवार पेठेतूनही करता येतं. लागेल ते एवढंच: एक उंच गच्ची, फोनमधलं होकायंत्र आणि पुण्याचा छापील नकाशा. ज्या नकाशात उत्तर वरच्या बाजूला आहे तोच घ्या.

पर्वतीकडे फोन रोखा आणि होकायंत्रावरचा आकडा लिहून घ्या. ओंकारेश्वराच्या आसपास राहत असाल तर तो दोनशेच्या थोडा अलीकडे येईल. मग चतुःशृंगीकडे रोखा, तो तीनशेच्या पुढे. सिंहगडावरचा टीव्ही टॉवर निवडू नका, तो पर्वतीच्या जवळजवळ त्याच दिशेला आहे. दोन खुणा जितक्या काटकोनाच्या जवळ, तितकं उत्तर नेमकं. आता कोनमापक घेऊन नकाशावर पर्वतीपासून उलट्या दिशेने रेघ ओढा, म्हणजे आलेल्या आकड्यातून १८० वजा करून. चतुःशृंगीपासून तशीच दुसरी. जिथे त्या छेदतील तिथे तुम्ही आहात. जीपीएस कोनांऐवजी उपग्रहांपासूनची अंतरं वापरतं आणि त्याला किमान चार उपग्रह लागतात, बाकी कल्पना हीच.

रात्री करायचं असेल तर देवळांचे दिवे दिसतायत का बघा, आणि आसपास लोखंडी टाकी किंवा अँटेनाचा खांब असेल तर चार पावलं लांब उभे राहा. रेघा पेठेच्या आत छेदल्या तर चांगलं जमलं. मंडईत छेदल्या तर फोनचं मॅग्नेटवालं कव्हर काढा आणि परत मोजा.